सरासरी भरली, शेत वाहून गेलं

सप्टेंबर संपत आला की बीड जिल्ह्यातल्या मोबाईलवर एक बातमी हमखास फिरते : जिल्ह्याने पावसाची सरासरी ओलांडली. सोबत धरणाच्या दरवाजांतून फेसाळत कोसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ असतो आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. बीडचं वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारण ६६६ मिलिमीटर धरलं जातं. तो आकडा गाठला की पुढारी जलपूजनाचं ताट घेऊन निघतात, अधिकारी सुटकेचा श्वास टाकतात आणि जिल्ह्याबाहेरचे लोक म्हणतात, ‘चला, यंदा तरी तुमच्याकडे बरं झालं!’

२०२५ मध्येही सरासरी भरली. नुसती भरली नाही, तर उतू गेली. आष्टी हा आपल्याकडचा कायमचा दुष्काळी तालुका. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या. त्याच आष्टीत सप्टेंबर २०२५ मध्ये पुरात अडकलेली माणसं लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. सिंदफणा पात्र सोडून रानात शिरली. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गेवराई आणि माजलगावच्या गोदाकाठाला वेढलं. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच उगवलं, कापसाची बोंडं काळी पडली. कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीही गेली आणि उघडा मुरूम तेवढा उरला. कागदावर मात्र ते ‘भरपूर पावसाचं वर्ष’ आहे आणि पुढची अनेक वर्षं ते तसंच राहणार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. बीडला पावसाने जेवढं मारलं, त्याहून जास्त सरासरीने मारलं आहे. दुष्काळ जाहीर करणं, अतिवृष्टी मान्य करणं, पीक विमा देणं, पिण्याचं पाणी पुरवणं, या जिल्ह्याचा सगळा कारभार सरासरी नावाच्या एका जुन्या हिशोबावर चालतो. हवामान बदलाने पहिला घाव घातला आहे तो नेमका त्या हिशोबावर. आभाळ बदललं, हिशोब बदलला नाही. आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत जो सापडतो, त्याला आपण ‘आपत्तीग्रस्त’ म्हणतो.

पिकाला बेरीज कळत नाही

सोयाबीनचं पीक साधारण शंभर दिवसांचं. मृगात पेरलं तर ऑगस्टमध्ये फुलोरा आणि शेंगा, सप्टेंबरअखेर काढणी. शेंगा भरताना तीन आठवडे पावसाने दडी मारली, तर दाणा पोचट राहतो. त्यानंतर काढणीच्या तोंडावर तीन रात्रींत दोनशे मिलिमीटर पडला, तर तो पोचट दाणाही कुजतो. आता जून ते सप्टेंबरची बेरीज करा. आकडा शंभर टक्क्यांच्या जवळपास भरेल. एकाच हंगामात एकाच पिकाने दुष्काळही सोसला आणि पूरही, आणि अहवालात शेरा येईल : पाऊस समाधानकारक.

काळाचं झालं, आता जागेचं. बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटर पसरला आहे. पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटचा डोंगरपट्टा. हलकी माती, खाली मुरूम. पाणी धरून ठेवायला जागाच नाही. उत्तरेला गेवराई आणि माजलगावचा गोदाकाठ. काळी भारी जमीन, जिच्यात एकदा पाणी साचलं की दहा दिवस पाय टाकता येत नाही. पंधरा दिवसांची उघडीप डोंगरपट्ट्याला मारते आणि गोदाकाठ ती सहन करतो. आठ दिवसांची झड गोदाकाठ सडवते, तर डोंगरपट्ट्यावर तेच पाणी वाहून निघून जातं. या दोन्ही प्रदेशांना मिळून एक आकडा, एक टक्केवारी आणि मोबाईलवर एकच ‘ऑरेंज अलर्ट’.

लातूरची रेल्वे आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेले टँकर डबे लातूरला गेले, देशभरच्या चॅनेलांनी ते दाखवलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात धनेगावला आहे, आणि मांजरा नदी उगम पावते ती आपल्या पाटोदा तालुक्यात. ते धरण कोरडं पडलं म्हणून रेल्वे धावली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात पूर आले. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी, सहा महिन्यांत घरात पाणी. काढा आता २०१६ ची सरासरी आणि सांगा, ती यातली कुठली गोष्ट सांगते?

विज्ञान काय सांगतं

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. गंमत अशी, की याच काळात त्या भागातला मान्सूनचा एकूण पाऊस वाढलेला नाही, उलट त्याची ओढ घटीकडे आहे. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा थोडा कमी, पण तो पडण्याचे दिवस आकसले आणि एकेका दिवसाचा मार वाढला.

त्यामागचं एक साधं कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा जास्त वेळ पाणी अडवून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. शिवाय अरबी समुद्र तापतोय आणि तिथून येणारे वारे लहरी झाले आहेत. कोरडे खंड लांबणं आणि धो धो पाऊस वाढणं, या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

ऑगस्ट २०२३ पाहा. देशपातळीवर १९०१ पासूनचा तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपले अंबाजोगाई, धारूर आणि वडवणी होते. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, जिल्हा पाण्याखाली. या दोन वर्षांची सरासरी काढली तर ती अगदी देखणी येईल. सरासरी असतेच तशी : दोन्ही टोकांची माणसं बुडवून मधला गुळगुळीत आकडा वर काढणारी.

इथे एक सावधगिरी. ‘ग्लोबल वॉर्मिंग आहे हो, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य हल्ली व्यासपीठावरूनही ऐकू येतं. पूर्वी ‘अस्मानी’ म्हणून हात झटकले जायचे, आता त्याच जागी ‘हवामान बदल’ हा शब्द आला आहे. हवामान बदल खरा आहे, वर दिला तसा त्याचा पुरावा आहे, आणि तो घडवण्यात बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा जवळपास शून्य आहे. पण कुणाचं नुकसान मोजायचं आणि कुणाचं नाही, हे आभाळ ठरवत नाही. ते शासन निर्णय ठरवतो. अस्मानीच्या आड लपलेली ही सुलतानी आहे, आणि या लेखाचं भांडण तिच्याशी आहे.

पासष्ट मिलिमीटरची भिंत

नियम असा : एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. एका मंडळात अनेक गावं येतात आणि पाऊस मोजला जातो तो मंडळाच्या एका केंद्रावर. हल्लीचा पाऊस कसा पडतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. रस्त्याच्या अलीकडे ढगफुटी आणि पलीकडे धूळ. केंद्र जिथे, तिथे ४० मिलिमीटर. आठ किलोमीटरवरच्या तुमच्या वस्तीवर ११०. कागदावर तुमच्या वस्तीवरही ४०.

दुसरी गंमत घड्याळाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तिथूनच नवा सुरू होतो. पहाटे पाचला सुरू झालेला पाऊस अकराला थांबला, साडेआठपर्यंत ४५ आणि नंतर ४५ मिलिमीटर पडला, तर रानात ९० मिलिमीटर पाणी आहे आणि नोंदवहीत दोन साधे पावसाळी दिवस आहेत. बांध फुटताना घड्याळ बघत नाही.

दुष्काळाचंही तेच. २०२३ मध्ये ४० तालुक्यांबाहेरच्या १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. कसोटी होती : पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. ७६ टक्के पडला, पण तो दहा दिवसांत पडून मोकळा झाला, तर? तर तुमच्याकडे दुष्काळ नाही. विहीर कोरडी आहे, हा तुमचा खासगी प्रश्न.

सात वर्षांचा फास

सगळ्यात क्रूर सरासरी पीक विम्यात आहे. हे जरा नीट समजून घ्या, कारण हे मुद्दाम क्लिष्ट भाषेत सांगितलं जातं. विम्यात ‘उंबरठा उत्पन्न’ असतं. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. मंडळातल्या मोजक्या प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतात. त्यांची सरासरी या उंबरठ्याखाली गेली तरच भरपाई.

समजा, चांगल्या वर्षी हेक्टरी १० क्विंटल सोयाबीन होतं. सातपैकी दोनच वर्षं वाईट गेली, तर ती वगळली जातात आणि उंबरठा येतो ७ क्विंटल. आता समजा, सातपैकी चार वर्षं वाईट गेली आणि त्या वर्षी ४ क्विंटलच झालं. वाईटांपैकी दोनच वगळता येतात, उरलेली दोन हिशोबात शिरतात. पाच वर्षांची सरासरी येते ७.६ आणि उंबरठा ५.३२. म्हणजे दुष्काळ आणि पूर जितक्या वेळा येतील, तितका भरपाईचा उंबरठा खाली सरकत जाणार. वारंवार मार खाणाऱ्याला नियम सांगतो : तुला मार खायची सवय आहे, तेव्हा आणखी जोराचा बसल्याशिवाय रडायचं नाही.

आता त्यावर दुसरी सरासरी चढवा. समजा, उंबरठा ७ आहे. दहा प्लॉटपैकी तीन नदीकाठचे, तिथे उत्पन्न शून्य. सात वरच्या बाजूचे, तिथे साडेदहा. दहांची सरासरी ७.३५, उंबरठ्याच्या वर. विमा कुणालाच नाही. ज्यांचं सगळं गेलं, त्यांचं नुकसान शेजाऱ्याच्या पिकाने भरून निघालं, पण फक्त कागदावर. शेजारी काही पोतं आणून देत नाही.

पूर्वी यावर एक उतारा होता. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान अशा कारणांसाठी वेगळी भरपाई मागता यायची. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि सोबत ही जादा कारणंही गेली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे फक्त सरासरी. ज्या हंगामात वैयक्तिक नुकसानीचा दावा करण्याचा रस्ता बंद केला, नेमक्या त्याच हंगामात मराठवाड्यात एवढा मोठा पूर आला.

यावर उत्तर तयार असतं : बोगस दावे झाले, आणि त्यात तुमचं बीडच पुढे होतं. खरं आहे. दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही विमे उतरवल्याची प्रकरणं आपल्या जिल्ह्यात उघडकीला आली, आणि त्याची लाज आपल्यालाच वाटायला हवी. पण ती चोरी सातबाऱ्याशी अर्ज ताडून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी सापडली असती. चोर पकडायला कागद तपासावे लागतात. त्याऐवजी चोर आणि सावकाराला बाजूला सोडून नदीकाठच्या माणसाचाच दावा रद्द करणं, ही कारवाई नव्हे, पळवाट आहे.

पुरानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतची कामं. मदत झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पॅकेज म्हणजे काय? नियम तोकडे पडले याची कबुली. दर वेळी घोषणा करून द्यावं लागत असेल, तर ती हक्काची व्यवस्था नव्हे, मर्जी आहे. आणि मर्जी निवडणुकीचं कॅलेंडर बघते, नक्षत्रांचं नाही.

शहरात राहणाऱ्यांनी फार निश्चिंत होऊ नये

बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. वर्षातला बराच काळ ती नदी आहे हे सांगावं लागतं. २३ जुलै १९८९ ला मात्र ते सांगावं लागलं नाही. त्या पुरात शहरातली माणसं गेली, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना ती तारीख पाठ असेल. कोरडं पात्र दिसलं की तिथे बांधायचं, भराव टाकायचा, हीसुद्धा सरासरीचीच बुद्धी : बहुतेक दिवस पाणी नसतं, म्हणजे पाणी नाहीच. नदी बहुतेक दिवसांच्या मापाने वाहत नाही. तिला एक रात्र पुरते.

आणि धरण भरलं म्हणून नळाला पाणी येतं, असंही नाही. माजलगावचं धरण तुडुंब असतानाही बीड शहरात लोक नळाला पाणी कधी येणार याच्या तारखा मोजतात. साठा टक्क्यांत सांगितला जातो, तहान दिवसांत मोजली जाते.

शहराबाहेरची खजाना विहीर सहलीला, रीलला सगळ्यांनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात ती बांधली आणि तिचं पाणी भूमिगत नळांतून पुढे शेतांकडे नेलं. त्या बांधणाऱ्यांकडे पर्जन्यमापक नव्हता. उन्हाळ्यात पाणी कुठे शिल्लक राहतं आणि ते उताराने कुठवर जाईल, एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाईट महिन्यासाठी बांधलं. आपण सरासरी महिन्यासाठी बांधतो आणि वाईट महिन्यात टँकर लावतो.

कोयता म्हणजे किती माणसं?

या सगळ्या हिशोबातून जो हरतो, तो दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडची लाखो माणसं जातात. खरीप हातचं गेलं की मुकादमाकडून घेतलेली उचल वाढते, आणि उचल वाढली की ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं. तिकडे गेल्यावर मजुरी टनावर. अवकाळी पावसाने फड चिखलात गेला, तोड थांबली, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. आजारी पडलं तर खाडा, त्याचा दंड.

तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, हिशोब एक. यातली बाई मोजायचीच राहून जाते. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा, आणि दवाखान्यात सांगितला जाणारा उपाय हाच. पावसाने दडी मारली त्या ऑगस्टपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत एक सरळ रस्ता जातो. हे नुकसान कुठल्या मंडळाच्या पर्जन्यमापकात नोंदवायचं?

आता काय मागायचं

मराठवाड्यात पंजाबराव डख यांच्या अंदाजांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. ते किती खरे ठरतात, हा वेगळा वाद आहे. पण लोक ऐकतात, कारण ते तारीख सांगतात : अमक्या दिवसापासून अमक्या दिवसापर्यंत, सोयाबीन काढून झाकून ठेवा. शेतकऱ्याला हवी असते ती तारीख. सरकारी यंत्रणा त्याला देते टक्केवारी.

म्हणून मागण्याही तारखेच्या भाषेत हव्यात. प्रत्येक गावात पाऊस मोजणारं केंद्र, आणि त्याची तासातासाची नोंद सगळ्यांना खुली. अतिवृष्टी ठरवताना २४ तासांच्या बेरजेसोबत तासाची तीव्रता. दुष्काळ ठरवताना टक्क्यांसोबत पिकाच्या नाजूक अवस्थेतले सलग कोरडे दिवस. विम्यात स्थानिक आपत्तीचं कलम परत, आणि आपत्तीची सगळी वर्षं उंबरठ्याच्या हिशोबातून बाहेर. यातलं काहीच अशक्य नाही. २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केलीच की. नियम माणसं करतात आणि माणसांनी रेटा लावला की ते बदलतात.

तुमच्या हातात फोन आहे. पुढच्या पावसाळ्यात सांडव्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी आपल्या रानातला पाऊस मोजा. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी एवढ्यावर सुरुवात होते. तारीख-वेळेसह फोटो काढा. मंडळाच्या केंद्राची नोंद तहसीलमधून माहिती अधिकारात मागवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचा. दहा गावांनी हे केलं तर तहसीलदाराला उत्तर द्यावं लागेल. शंभर गावांनी केलं तर मंत्रालयाला.

आणि कुणी माईकवरून ‘जिल्ह्यात यंदा १२० टक्के पाऊस’ असं सांगू लागलं, की उठून एवढंच विचारा : कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, किती तासांत?